न टोचलेला खिळा

"हॅलो? … हो, मीच. दुकानात दुसरं कोण असणार?"

बूट दुरुस्त करणाऱ्यानं फोन खांद्याशी दाबून धरला. डाव्या हातात थोरल्या बहिणीचा तपकिरी बूट होता आणि उजवा हात त्या बुटाच्या पोटात. बहीण फोनची सुरुवात नेहमी गाऱ्हाण्यानं करायची. टाच बसली, शिवण काचते, रंग फिका पडला. चाळीस वर्षं ती त्याच्या हातचे बूट घालत होती आणि चाळीस वर्षं त्यांना नावं ठेवत होती. त्याला ते जात्यावरच्या गाण्यासारखं सवयीचं झालं होतं. एखादं कडवं गळलं तर दिवस सुना जावा.

"झाल्यात गं टाचा… हो, पॉलिशही करतो… अगं ऐक ना. ताई, हा डावा बूट टोचत होता का तुला? … आठव जरा. … अजिबात नाही?"

त्यानं पुन्हा आत बोट फिरवलं. अंगठ्याच्या मागे, जिथे तळव्याचा सगळा भार येतो, तिथे खिळ्याचं टोक वर आलं होतं. खिळा त्याच्याच हातचा. गेल्या महिन्यात तळ ठोकताना लांबडा निघाला आणि वाकवायचा राहिला. टोकाभोवतीचं अस्तर काळपट झालं होतं. सकाळी ते बोटाला लागलं तेव्हापासून त्यानं दुसऱ्या कामाला हात लावला नव्हता.

"नाही, बूट छान झाले म्हणून विचारत नाहीये… आत खिळा आहे, ताई. माझाच. … हो, माझी चूक, कबूल. पण तीन आठवडे तू त्याच्यावर चाललीस. बाजारात गेलीस, जिने चढलीस. आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. तू! … हसू नकोस."

ती हसतच होती. साखर परवाच तपासली, गोळ्या वेळेवर घेते, पायाला काही होत नाही, हे सगळं त्याला ऐकवून झालं.

"दुखत नाही म्हणूनच विचारतोय. बाबांचं तरी कुठे दुखत होतं?"

हसू थांबलं. दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवर वडिलांचा उजवा बूट होता, कोरा करकरीत. जोडीतला डावा झिजून गेला. उजवा घालायला पाय उरला नव्हता. त्या काळी आरोग्य केंद्राच्या खिडकीवर आधी तक्रार विचारायचे. वडील म्हणायचे, तशी काही नाही. मग त्यांना घरी पाठवायचे.

"आता नाही तसं. … अगं, बदललंय ते. साखर असलेल्यांचे पाय वर्षातून एकदा बघतातच, तक्रार असो नसो. … दर बुधवारी. केंद्रातल्या नर्सबाईच सांगून गेल्या, सँडल चिकटवायला आल्या होत्या. म्हणाल्या, शिवण्याआधी प्रत्येक बुटात हात घालत जा. … म्हणून तर सापडला. … गर्दी कसली? खुर्च्या रिकाम्या पडलेल्या असतात. सगळे तुझ्यासारखेच ठणठणीत."

ती पुढच्या बुधवारचं बोलू लागली. त्यानं बूट मांडीवर ठेवला.

"भावोजी आहेत ना घरात? … पेपर ठेवायला सांग त्यांना. मोजा काढ. तू डोळे मीट, ते तळव्याला बोट लावतील. लागलं की सांग. … खेळ समज."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. दुकानाबाहेरून कुणी चालत गेलं, आणि त्याला प्रत्येक पाऊल ऐकू आलं.

"लावलं? … अजून नाही? … सांग त्यांना, लावा लवकर… काय?"

बूट मांडीवरून घसरला. त्यानं उचलला नाही.

"लावून झालं म्हणतात? … किती वेळा?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई. … आहेस ना? … जखम दिसते का, विचार. … बारीक का असेना. आता पाय खाली टेकू नकोस. … आज बुधवारच आहे. नर्सबाई एकपर्यंत बसतात, मी गाडी घेऊन येतो. … घाबरू नकोस गं. बाबांचा पाय कुणी बघितला नव्हता. तुझा बघणार आहेत."

पलीकडून आवाज आला, आधी कापरा, मग हळूहळू नेहमीचा.

"हो… हो, ठोकताना लक्ष नव्हतं माझं. … हो, हाताला वळण नाही. … लहानपणापासून, हो. … आणि टाचाही वाकड्या? त्या कधीपासून?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"बोल, बोल. … उरलेलं गाडीत बोल. आलोच मी."

फोन ठेवून त्यानं बूट उचलला, पकडीनं खिळा उपटला, नर्सबाईंना दाखवायला कागदात गुंडाळला आणि भर कामाच्या वेळी दुकानाला कुलूप लावलं.