सतरा क्लबांचा लेआर्को

(बोर्गोफोस्का गाव. रविवारी संध्याकाळी पाचचा सुमार. बारच्या समोर नीवेसचं शेवयांचं दुकान आहे, त्याच्या मागचं स्वयंपाकघर. नीवेस, तिचा नवरा एर्मेस आणि तिचा धाकटा भाऊ लेआर्को.)

नीवेस : आणि ते हात कसले जोडलेस रे? पेनल्टी मारलीस, गोल झाला, आणि हा मान खाली घालून उभा. जसा काही कोणाच्या मयताला आलाय!

लेआर्को : मान म्हणून, ताई. आपल्या जुन्या क्लबावर गोल केला की नाचायचं नसतं. रीत आहे ती.

नीवेस : रीत! सतरा क्लबांतून खेळलास तू. असा एकेकाचा मान राखत बसलास तर नाचायला अख्ख्या इटलीत एक मैदान उरायचं नाही.

लेआर्को : म्हणून तर मध्ये माल्टा आणि सायप्रसला जाऊन आलो.

नीवेस : दात काढू नकोस. इथे हसायला कोणी बसलेलं नाही. हा बघ, गुडघ्यावर बर्फ धरून बसलाय. बावीस वर्षं एकाच गोलात उभा राहिला, आणि शेवटच्या सामन्यातला शेवटचा गोल खाल्ला तो कोणाचा? सख्ख्या मेव्हण्याचा!

एर्मेस : जाऊ दे, नीवेस. चांगली मारली त्याने.

नीवेस : चांगली मारली म्हणे! त्या एका लाथेनं आपला क्लब खालच्या गटात गेला.

लेआर्को : मी आता कास्तेलरिवाचा खेळाडू आहे, ताई. पेनल्टी मिळाल्यावर काय मुद्दाम बाहेर मारू?

नीवेस : का? जन्मभर बाहेरच मारत आलास की! लेच्चेला गेलास तर वर्षात दोन गोल. त्रिएस्तेला एक, तोही ढुंगणाला लागून आत गेलेला. नेमका आमच्या वेळी बरा नेम लागला.

लेआर्को : पाठीला लागून. पाठीला.

नीवेस : आईला शेजारणी विचारायच्या, तुमचा लेआर्को हल्ली कुठे असतो हो? ती बिचारी आधी ड्रॉवर उघडून तुझं शेवटचं पोस्टकार्ड काढायची आणि मग उत्तर द्यायची. रुमानियातला तो क्लब तर तू गेल्यावर तीन महिन्यांत बंदच पडला.

लेआर्को : तो आधीच बुडत होता.

नीवेस : आणि त्यात तू जाऊन बसलास.

लेआर्को : मला सगळीकडे बोलावून नेलं, ताई. मी कोणाच्या दारात गेलो नाही.

नीवेस : बोलावून नेलं आणि पोचवून दिलं.

एर्मेस : लेआर्को, तू कशाला आलायस? जेवायला आलेला दिसत नाहीस. अंगातला कोटसुद्धा काढला नाहीस.

लेआर्को : सामना संपल्यावर झानोत्तींनी घरी बोलावलं होतं.

नीवेस : आमच्या क्लबाच्या अध्यक्षांनी? तुला? शिव्या द्यायला असेल.

लेआर्को : नाही. पुढच्या हंगामात बोर्गोफोस्काचा प्रशिक्षक हो म्हणाले.

नीवेस : काय?

लेआर्को : संघ वर काढायला नाव असलेला माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं.

नीवेस : ती जागा याची आहे! नाताळच्या जेवणात, चाळीस माणसांसमोर, एर्मेसच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला होता त्या माणसानं. आणि आता ज्यानं खड्ड्यात ढकललं त्यालाच म्हणतोय, वर काढ!

लेआर्को : सतरा ठिकाणचा अनुभव आहे म्हणाले.

नीवेस : सामान बांधायचा!

एर्मेस : हो म्हणालास?

लेआर्को : एर्मेस, हे बघ...

एर्मेस : हो म्हणालास का?

लेआर्को : हो. म्हणालो. आणि तिथून सरळ इकडे आलो. तू माझ्याबरोबर ये. मला शिकवता येत नाही रे. कुठल्याच संघात मी इतका टिकलो नाही. कोणाचा डावा पाय चांगला, कोण घाबरतो, कोणाला ओरडलेलं चालत नाही, हे कळायच्या आत माझी गाडी सुटलेली असायची. तुला इथलं सगळं माहीत आहे.

नीवेस : म्हणजे काम यानं करायचं आणि फोटो तुझा छापून यायचा. वा! लाज तरी कुठल्या गावाला ठेवून आलास? आठवतंय का ते तरी?

एर्मेस : एक विचारू तुला? पेनल्टी मिळाली तेव्हा आपल्या बचावातल्या मान्लिओने तुला खरंच पाडलं?

लेआर्को : रेफ्रीने शिट्टी मारली ना.

एर्मेस : रेफ्रीला नाही विचारत मी.

लेआर्को : लागला असेल पाय जरासा. त्या धावपळीत...

एर्मेस : मी सहा पावलांवर होतो, लेआर्को.

लेआर्को : ...नाही लागला. मीच पडलो.

नीवेस : अरे देवा! त्याला लाल कार्ड मिळालं! मैदानाबाहेर येताना त्याचा स्वतःचा सासरा त्याच्या अंगावर थुंकला. मी त्याच बाकावर बसले होते. आणि मीही ओरडले रे त्याला. गाढवा म्हणाले. मी!

लेआर्को : खेळात चालतं हे. सगळेच पडतात.

एर्मेस : पडतात. पण आज पडलास तू, आणि गावानं दोषी धरलंय त्याला. समोरच्या बारमध्ये सगळा संघ बसलाय. तोही आहे, दाराजवळच्या टेबलाशी, एकटा. जा आणि सांग.

लेआर्को : आत्ता? सगळ्यांदेखत?

नीवेस : मग काय फादरच्या कानात सांगणार आहेस?

लेआर्को : मग मला प्रशिक्षक म्हणून कोण मान देईल?

एर्मेस : आत्ता कोण देतंय?

लेआर्को : झानोत्ती शब्द फिरवतील.

एर्मेस : त्यांना सवय आहे.

लेआर्को : आणि सांगितलं, तर तू येशील माझ्याबरोबर?

एर्मेस : हा सौदा नाही. तू सांगितलंस तर मान्लिओ उद्या कारखान्यात मान वर करून जाईल. एवढंच.

लेआर्को : तुम्हाला काय वाटतं, मजेत फिरलो मी? सतरा ठिकाणी पहिल्या दिवशी टाळ्या पडल्या. शेवटच्या दिवशी दारापर्यंत यायलाही कोणी नसायचं.

नीवेस : शेवटचा दिवस कोणता ते तू कोणाला सांगायचासच नाही. इथूनही असाच गेलास. सकाळी बघितलं तर पलंग रिकामा.

लेआर्को : ...जातो मी.

नीवेस : जा. गाडी मागच्या गल्लीत आहे ना? सोयीचं आहे. बारवरून जावंही लागणार नाही.

एर्मेस : गेला?

नीवेस : गेला. दार नीट लावूनसुद्धा गेला नाही. आता थेट कास्तेलरिवा, आणि उद्या फोन, की ताई, गैरसमज झाला.

एर्मेस : पुढे दुकानात जाऊन खिडकीतून बघ जरा.

नीवेस : मला काही बघायचं नाही... रस्त्यात उभा आहे. नुसता उभा आहे. किल्ल्या खिशातून काढल्या त्यानं. बघ, म्हटलं नव्हतं मी? चालला मागच्या गल्लीकडे... थांब. वळला.

एर्मेस : आत गेला?

नीवेस : दार ढकलतोय. गेला. अगंबाई, कोणी जागचं हललंही नाही. कोणीतरी टीव्ही बंद केला. तो बोलतोय. हात हलवत नाहीये, एर्मेस. हा माणूस हात न हलवता बोलतोय!

एर्मेस : मान्लिओ?

नीवेस : उठला. आता देणार ठेवून. देऊ दे, चांगली दोन देऊ दे.

एर्मेस : दिली?

नीवेस : नाही. नुसता बघतोय त्याच्याकडे. खाली बसला परत. डोकं टेबलावर टेकलंय त्यानं. खांदे हलतायत रे त्याचे. आणि कोपऱ्यातून सासरा उठलाय... जाऊन बसला त्याच्या शेजारी.

एर्मेस : आणि आपला?

नीवेस : उभा आहे अजून. बस म्हणालं नाही कोणी. निघूनही जात नाहीये, मूर्ख.

एर्मेस : ये इकडे. बर्फाचं पाणी झालं.

नीवेस : झानोत्ती उद्या सकाळच्या आत याला काढतील बघ. सुरू व्हायच्या आधीच संपला. आणि तुला बोलावलं, तर जाशील?

एर्मेस : बघू.

नीवेस : मी पानं घेते. किती घेऊ, तीन?

एर्मेस : दोनच घे. तिसऱ्याचं पातेल्यात राहू दे.