साडूचा सायलेन्सर

...आणि वर मलाच विचारतात, "आवाज ऐकलात का?" ऐकला! ऐकला हो! बहिरा नाहीये मी! बावीस वर्षं सायलेन्सर करतोय, गाडी गल्लीच्या तोंडाशी असली तरी इथे बसून सांगतो पाइपाला भोक कुठे पडलंय ते, आणि मला आवाज ऐकवतात! कुणाचा? तर साडूच्या सायलेन्सरचा! जाऊ दे. त्याचं चांगलं झालं, आनंद आहे... मला काय त्याचं!

तुम्हाला सांगतो, हा साडू म्हणजे सासऱ्यांचा धाकटा जावई, लाडका. मी थोरला, म्हणजे कपाट हलवायचं असलं की आठवतो तो. वेल्डिंगची कांडी हातात धरायला मी शिकवलं त्याला! पहिल्या दिवशी कांडी पत्र्याला चिकटवून बसला होता, ओढतोय, ओढतोय, घामाघूम... मी सोडवली. आणि आता त्याच्या शेडवर पाटी आहे. पाटीवर काय? "डिझाइन"! म्हणजे मी करतो ते काम आणि तो करतो ते डिझाइन!

तर एक बाई आहे, शर्यतीत गाडी उडवते. रस्त्यावर नाही हं, दगडाधोंड्यांतून, ओढ्यातून, टेकाडावरून! गाडी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि खाली चार राक्षसी चाकं. तिला त्या गाडीला खास सायलेन्सर करून हवा होता. आणि आधी आली कुणाकडे? माझ्याकडे! मी म्हटलं, ठेवून जा गाडी, तार वाकवून बघतो. आमची पद्धतच आहे ती. जाड तार घ्यायची, इंजिनापासून मागपर्यंत वाट मिळेल तशी वाकवायची, आणि ती तार समोर धरून पाइप कापायचा. बाई म्हणते, "काका, तुम्ही आधी चित्र नाही काढत?" मी म्हटलं, चित्र काढायला मी काय बालवाडीत आहे? झालं! गेली साडूकडे. त्याने कॉम्प्युटरवर पाइप असा गोल गोल फिरवून दाखवला, लाल, निळा, हिरवा... "वा, सर!" तो सर आणि मी काका! वयात फरक किती? चार वर्षं!

आणि घरी? घरी आमची ही, "अहो, धाकट्याने चारही नळ्या अगदी सारख्या लांबीच्या केल्यात म्हणे, त्यामुळे इंजिनाला जोर येतो म्हणे!" म्हणे! अठरा वर्षांत माझ्या शेडमधला एक तरी पाइप मोजलाय का हिने? बरं, मोजू नको. मला काय त्याचं!

मंगळवारी गेलो त्याच्या शेडवर. बघायला नाही! ड्रिल मशीन परत करायला. दोन वर्षांपूर्वी आणलं होतं, म्हटलं, उगाच उशीर नको. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चाकं खाली लोंबतायत. मी आपला सहज, गंमत म्हणून, पाठीवर झोपून खाली सरकलो. आणि तुम्हाला खोटं नाही सांगत, काम एकदम चोख. जोड कसा, तर नख फिरवलं तरी अडकत नाही! इतका जळफळाट झाला... आणि तेवढ्यात दिसलं. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलच्या वर पाइप, मधे वीतभर जागा. अरे, वीतभर कधी? चाकं लोंबतायत तेव्हा! ही गाडी उडी मारून खाली आली की स्प्रिंगा दबणार, एक्सल हातभर वर येणार आणि पाइपाचा होणार पापड! याने सगळी मापं गाडी घोड्यांवर असतानाच घेतली होती! डिझाइन!

बोललो का? नाही बोललो. साडू विचारतोय, "दादा, कसं वाटतंय?" मी म्हटलं, "छान." घरी आलो, दोन घास जास्त जेवलो. ही म्हणते, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, ड्रिल मशीन परत केलं.

रविवारी सकाळी चाचणी, दुपारी शर्यत. सासरे, सासूबाई, दोघी बहिणी, सगळे नटूनथटून कठड्याला टेकून उभे. मी पुढे. बाई सुटली, टेकाडावरून गाडी उडाली, खाली आली आणि... खाड्! मग आवाज असा, जणू म्हाताऱ्याला उचकी लागलीय. आणि माझ्या तोंडून, काय सांगू, आनंदाच्या भरात निघून गेलं, "मला माहीतच होतं!"

सगळे वळले. सासरे म्हणाले, "माहीत होतं? कधीपासून?"

"...मंगळवारपासून."

"आज काय वार आहे?"

वार काय त्यांना माहीत नव्हता? आमची ही तर माझ्यापासून दोन हात लांब सरकली.

खिशातली तार काढली आणि शिरलो गाडीखाली. साडू शेजारी झोपून पाने-पकडी देतोय. पाइप एक्सलवरून काढला, चेसीला धरून वर घेतला, सीटच्या मागून बाहेर. मी वेल्डिंग करतोय, तर तो हळूच म्हणतो, "दादा, मंगळवारी तुम्ही खाली जाऊन आलात ना, तेव्हाच मी निर्धास्त झालो. म्हटलं, चुकलं असतं तर दादा बोललेच असते." शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या. हा विश्वास ठेवतो! मी म्हटलं, "कांडी दे."

दुपारी बाई पहिली आली. पहिली! आवाज असा घुमला की सासरे टोपी काढून उभे राहिले. "वा सर, वा सर!" साडू म्हणत होता, "अहो, दादांनी केलं," पण त्या आवाजात ऐकतो कोण?

आता सासऱ्यांच्या बैठकीत फोटो लावलाय, हा एवढा, काचेत. सकाळचाच आहे, दुरुस्तीच्या वेळचा. मधे गाडी, गाडीला टेकून बाई, बाजूला हातात पाना घेऊन साडू, हसतोय. येईल त्याला सासरे दाखवतात, "हा आमचा धाकटा जावई." मग चष्मा वर करतात, काचेवर खाली बोट ठेवतात, "आणि हे गाडीखालून बाहेर आलेत ना, हे पाय थोरल्याचे." ही शेजारीच असते. म्हणते, "तरी सांगत होते, बुटाचा तळ सुटलाय, नवीन घ्या."

घेतले नवीन. आता ते पाय माझे आहेत हेसुद्धा कुणी मानत नाही... मला काय त्याचं!