पाहणीच्या दिवशीचं पाणी

(सन १९३४, भाद्रपद. पूर्णगडाजवळ खाडीकाठची भातशेती. बांधावर कचेरीचे कारकून सखारामपंत, विधवा सगुणा आणि तिचे सासरे आप्पा.)

सखारामपंत : पण पाणी कुठं आहे, बाई?

सगुणा : काढलं की, रावसाहेब.

सखारामपंत : कुणी सांगितलं काढायला?

आप्पा : सांगायला कशाला लागतंय? उधाणानं बांध फुटला की दुसऱ्या भरतीच्या आत बुजवायचा. घरटी एक माणूस नि एक टोपली. आमच्या आजापासनं असंच हाय.

सखारामपंत : आजोबांच्या वेळी सरकारी मदत नव्हती, आप्पा. हुकूम ऐका. पाहणीच्या दिवशी ज्या शेतात खारं पाणी उभं असेल, त्यालाच बियाणं आणि बांधाचा खर्च. तुमच्या शेतात बेडूक बसेल एवढंही नाही.

सगुणा : भात तर बघा. लोंब्या धरल्यान् नि खाऱ्या पाण्यानं करपलं. मूठभर बी निघायचं नाय. बी नसलं की मिरगाला खोत दुसरं कूळ लावतील.

सखारामपंत : करपलंय खरं. पण ते रोगानंही करपतं. रोगाचा अर्ज वेगळा, त्याचे साहेब वेगळे. पाणी आलं होतं, याला पुरावा काय?

सगुणा : आमी बायका गात होतो की, चिखल देताना.
भरती आली दारा, सवत न सांगता,
माती हाताहाता, बांध घालू.

सखारामपंत : गोड आहे. अर्जाला जोडता येत नाही.

आप्पा : खोतांच्या घरच्या शेताला मदत मिळणार म्हणतात.

सखारामपंत : मिळायलाच हवी. कमरेइतकं पाणी आहे त्यांच्यात. सोमवारी साहेब बघतील, सही करतील.

आप्पा : त्यांचा बांधपण आमी बुजवणार होतो. खोत म्हणाले, राहू दे रे, दमलात तुमी. घरी येऊन मी हिला म्हटलं, माणूस बदलला.

सगुणा : वर पेज धाडलानी सगळ्यांना.

सखारामपंत : हे बघा, मी सांगितलं असं नको. तुमच्या बांधाला हातभर वाट करा. साहेब गेले की बुजवा.

आप्पा : बांधाच्या आत वीस घरांची शेतं हायत.

सखारामपंत : मग वीस अर्ज करा. मी कशाला नाही म्हणू?

सगुणा : उधाण कधी, मामंजी?

आप्पा : उद्या. अवस ना.

सगुणा : ते फावडं द्या इकडं.

आप्पा : सगुणा...

सगुणा : द्या हो. तुमी टोपली घ्या.

सखारामपंत : शहाण्या आहात. पण तिकडं कुठं? तुमचा बांध इकडं.

सगुणा : खोतांचं पाणी मधल्या बांधाला, आमच्या मेरेला टेकलंय. उद्या भरती चढली की वीसही घरांच्या शेतांत उतरेल.

सखारामपंत : अहो, पण खोतांच्या बांधाची ती खांड बुजवलीत तर त्यांची मदत जाईल. मी वर कळवलंय. सोमवारपर्यंत तरी थांबा.

सगुणा : जरा बाजूला उभे राहा, रावसाहेब. चिखल उडतो.