मेट्रोतून दिसलेली गच्ची

मेट्रोचं कौतुक मला नका सांगू. माझी मावशी उमरेडहून खास मेट्रोत बसायला आली होती. उतरणार होती मुलाकडे, राजूकडे, पण सकाळीच त्याचा फोन आला, "आई, आम्ही पुण्याले आलो." मग ती माझ्याकडे आली आणि आम्ही दोघी निघालो. उंचावरून गाडी राजूच्या घराशेजारून गेली, तर गच्चीवर त्याच्या सासरची पंगत बसलेली, आणि राजू स्वतः वाढत होता. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, पुढच्या स्टेशनवर उतर. त्याले विचारूच!"

मावशी खिडकीबाहेरच बघत होती.

"नको वं. आपण पाह्यलं हे समजलं, तं लाजंल तो. मंग फोनबी नाही करणार."