मुलगी एकच, मोजायची कुठे?

एका चार मजली इमारतीच्या तळाशी चार माणसं राहायची. एक आजी, ती मी. एक माझा मुलगा, लिफ्ट दुरुस्त करणारा. एक सून, बेकरीत कामाला. आणि एक नात, सारखी गुणगुणत अभ्यास करायची म्हणून भुंगी... झालं, एवढी ओळख पुरे, कारण तुम्हाला सांगते, केव्हाचं माझं डोकं गरगरतंय. मुलगी एकच ना, मग मोजायची कुठे?

भुंगीला परदेशात पुढे शिकायला एक शिष्यवृत्ती हवी होती. साधीसुधी नव्हे, देशभरातून बोटांवर मोजण्याइतक्यांना मिळते ती, आणि नाही मिळाली तर विषयच संपला, लिफ्टवाल्याच्या पगारात विमान बसतंय होय? आमच्या शहरात विद्यापीठं दोन, थोरलं आणि धाकटं, आणि भुंगी शिकली धाकट्यात. तिथून ही शिष्यवृत्ती आजवर कोणालाच मिळालेली नाही. मग मुलाने कुठूनसा तक्ता आणला, कुठल्या विद्यापीठाचे किती जिंकले त्याचा, आणि बोट ठेवलं. "आई, हे बघ, थोरलं विद्यापीठ पहिलं. असणारच. त्यांच्या लिफ्टला आरसा आहे. धाकट्याची लिफ्ट ऊठसूट मध्येच अडकते."

मी म्हटलं, आरशाने का कोणी हुशार होतं? सून म्हणाली, "आई, बोलू द्या हो त्यांना, आज सुट्टी आहे त्यांची." भुंगी म्हणाली, "बाबा, तिथले जिंकतात जास्त, पण तिथे मुलंही केवढी. शंभरातले किती ते बघा ना." आता शंभरातलेच का, सगळ्यांतले का नाही? तिने मला पावाचे तुकडे मांडून समजावलं, मला समजलंही, तेवढ्यात सुनेने तुकडे उचलून चहात बुडवले आणि गेलं सगळं.

तर पाठवली थोरल्यात, वर्षभराच्या अभ्यासाला. तिथे कळलं, आपण उठून अर्ज करायचा नसतो, आधी विद्यापीठाने मोजकी नावं पाठवायची असतात. तिथल्या साहेबांनी भुंगीची तयारी करून घेतली, मुलाखतीत कसं बसायचं, कसं बोलायचं, सगळं, आणि नाव काही पाठवलं नाही. "तू छानच आहेस गं, पण आमच्याकडे छान फार आहेत." म्हणजे बघा, जिथले जिंकतात तिथे हिला पाठवत नाहीत, आणि जिथे पाठवतील तिथलं कोणी जिंकत नाही... भुंगीचं गुणगुणणं बंद झालं. घर इतकं गप्प झालं की सून भांडी आपटायची, नुसता आवाज यावा म्हणून.

आणि त्याच आठवड्यात धाकट्याची लिफ्ट अडकली. आत कोण, तर तिथल्या बाई, ही नावं पाठवणाऱ्या. मुलगा दाराच्या फटीतून त्यांना धीर देत होता. धीर देऊन संपला तसा घरचं सांगायला लागला. हा एकदा लागला की थांबतोय कुठे, आणि बाई तरी जाणार कुठे? सगळं ऐकून आतून म्हणाल्या, "अहो, पण ती आधी आमच्याकडेच शिकली ना? जुन्या विद्यार्थ्यांचंही नाव देता येतं आम्हाला. मागायलाच येत नाही कोणी. पाठवते मी. आधी मला बाहेर काढा."

काढलं. नाव गेलं. आणि मिळाली हो, आमच्या भुंगीला मिळाली.

लगेच दोन फोन. साहेब म्हणतात, "आमची विद्यार्थिनी, तयारी आमची." बाई रडत रडत, "आमची, आमची पहिलीच." मी मुलाला विचारलं, अरे, मुलगी एकच ना, मग मोजायची कुठे? म्हणाला, "आई, दोन्हीकडे मोजतात." खरंच, नवा तक्ता आला तर थोरल्याचा आकडा एकाने वाढलेला, धाकट्याच्या शून्याचा एक झालेला. मुलगा भेटेल त्याला दाखवतो. लिफ्टमध्ये अडकलेल्यांची तर सुटकाच नाही.

भुंगी गेली परवा, गुणगुणत गेली. सून अजून चार ताटं काढते आणि एक परत ठेवते. तिकडे एक वाढली, पलीकडे एक वाढली, आणि आमच्याकडे एक कमी... हा हिशेब कुठल्या विद्यापीठात शिकवतात, तेवढं विचारून ठेवा कोणीतरी.