श्रावणातला लसूण

लसणाच्या वासानं दार फोडणारा माणूस बघितलाय का कुटं? मी फोडलंय, माझ्याच घरातलं.

श्रावणात आमच्या घरी लसणाला कुणी हात लावत न्हाय. आन त्या दुपारी आतल्या खोलीतनं लसणाचा उग्र वास! तितं ज्वारीची कोठी, आन कोठीशेजारी नात झोपलेली. पोरगा कधीपासनं मागं लागला होता, "आबा, ज्वारीला लई किडा लागलाय. विषारी गोळी टाकतो." मी सांगितलं होतं, "माणसं झोपतात तितं गोळी टाकलीस तर तंगडी मोडीन." त्या गोळीच्या गॅसला लसणासारखाच वास येतो. माणूस झोपेतच जातं.

दाराला आतनं कडी. हाका मारल्या, आतनं ओ न्हाय. लाथा घातल्या तवा कडी निघाली. गुडघा अजून दुखतोय. नातीला उचलून अंगणात आणली, गदागदा हलवली, पोरगी डोळं उघडंना.

मग ती करवादली, "आज्जा, झोपू द्या की!"

सून गच्चीवरनं पळत आली. मी वरडलो, "गोळी कुणी टाकली?"

"गोळी कुटली, मामंजी? लसणाचं तेल हाय. कापसाला लावून कोठीत ठेवलंय. त्यानं किडा पळतोय."

पर गप बसलो तर मी कसला? म्हणलं, "श्रावणात घरात लसूण आणतीस?"

"श्रावण आपला हाय, मामंजी. किड्यांचा न्हाय."