वायझॅग आवडतं, राहते कोचीत

माझं माहेर काष्टीचं आनि सासरबी काष्टीचंच, दोन्ही घरांच्या मधी फकस्त बाजारतळ. वडील बैलांची दावी आनि कासरे वळायचे, बाजारच्या दिवशी गोनपाट टाकून इकायला बसायचे आनि मी त्यांच्या शेजारी, त्यामुळं मला वाटायचं आपला जल्म ह्या बाजारतळाच्या अल्याडपल्याडच जानार. पन नवरा हुता नेव्हीत, जहाजाच्या इंजनावर, आनि लगीन झाल्यावर महिन्याभरात त्यांनी मला वायझॅगला नेलं, तिकडं आंध्रात. काय सांगू तुमाला ताई, तोवर मी मोठं पानी बघितलं हुतं ते घोडनदीला पूर आल्यावरचं, आनि तिथं रस्ता संपला की समोर नुसता समुद्र. मागं डोंगर हुते. डोंगर हायेत म्हनल्यावर मला जरा बरं वाटलं.

वायझॅग मला लई आवडलं. ऊन आपल्यासारखंच कडक, घाम तेवढा जास्त. ज्वारी मिळायची, तिला जोन्नलू म्हनायचं, दुकानदार पोतं उघडून दाखवायचा. शेजारी सत्यवतीअक्का हुती, तिला मराठी येत न्हाई, मला तेलुगू येत न्हाई, तरी आमी दुपारभर बोलायचो. हे चार-चार महिने जहाजावर. आमची अनू झाली तवाबी हे समुद्रावरच हुते, दवाखान्यात माझा हात धरून बसली ती अक्का. ते मी मरेस्तोवर इसरनार न्हाई. म्हनून सांगते, गावात म्हनतात हिला वायझॅगला करमलं न्हाई म्हनून, खोटं हाय ते. करमलं, लई करमलं.

अनू चार वर्सांची झाली आनि आमची बदली झाली केरळात, कोचीला. कोची म्हंजे जिकडं बघावं तिकडं पानी, बाजारला जायचं तरी बोटीत बसायचं. पाऊस लागला की कपडे आठ-आठ दिस वाळत न्हाईत, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, पिठाच्या डब्यात जाळी. भात असा जाडा न् तांबडा की पहिल्या दिवशी मला वाटलं ह्यो कच्चाच हाय. मी ह्यांना म्हनलं, इथं आपली किती वर्सं हायेत तेवढं सांगा, मी मोजून काढते.

आनि तिथंच ते कळलं. अनू बोलत नव्हती. वायझॅगला सगळे म्हनायचे, घरात मराठी, दारात तेलुगू, लेकरू गोंधळलंय, बोलंल उशिरा. मलाबी ते पटलं हुतं, कुनाचा दोष न्हाई त्यात, माझाच म्हना. कोचीला बालवाडीत ग्रेसी टीचर म्हनून बाई हुत्या. त्यांनी एक दिवस मला थांबवून घेतलं आनि अनूच्या पाठीमागं स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. मी दचकले. अनू चित्राला रंग देत बसली हुती, ती तशीच रंग देत राहिली.

मग तपासन्या झाल्या, कानाला मशिन बसलं, आनि रोज बोलायचं शिक्षन. शिकवनाऱ्या बाई मला म्हनल्या, हिच्याशी एकच भाषा बोला, सगळ्या घरानं तीच बोला, शाळेची. म्हंजे मल्याळम. आता बघा, माझी लेक, आनि माझ्या भाषेत मी तिच्याशी बोलायचं न्हाई. तिची वेनी घालताना तोंडात मराठी यायची, मी गिळायचे. मीबी वही घिऊन बसले, ती एक शब्द शिकायची, मी एक. सात महिन्यांनी ती नळाकडं बोट करून म्हनली, वेळ्ळम. म्हंजे पानी. मी नळ सोडला तो बंदच केला न्हाई, ती म्हनतीया आनि मी तांब्या भरतीया, बादली भरतीया.

दोन वर्सांमागं ह्यांची पंधरा वर्सं भरली, नेव्ही सुटली, क्वार्टर सोडायची येळ आली. ह्यांना वायझॅगला एका कंपनीत इंजनाचंच काम मिळालं, मानाचं. कोचीत मिळत हुतं ते गेटवर बसायचं. हे म्हनले, चल वायझॅगला, तुलाबी तेच आवडतं, अक्का हाय, ज्वारी हाय, अनूसारख्या लेकरांची शाळाबी तिथं हाय. आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, म्हनल्या, दोन्ही नको, काष्टीला या. मी म्हनलं, शाळा बघून ठरवू. गेलो तिघं. शाळा चांगली, खरंच चांगली, मॅडम मायेनं बोलत हुत्या. पन तेलुगूत. अनू त्यांच्या ओठांकडं बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं, परत त्यांच्याकडं. मग तिनं कानातलं मशिन काढलं आनि माझ्या हातात दिलं.

तिथंच माझं ठरलं. अक्काकडं जेवलो, समुद्रावर गेलो, मला रडू येत हुतं, कारन मला तिथंच राहायचं हुतं. ह्यांना म्हनलं, तुमी इथं नोकरी करा, मी अनूला घिऊन कोचीला राहनार. हे म्हनले, आता जहाजावरची नोकरी सुटली, तरी दोघांनी दोन जागी का राहायचं. मी म्हनलं, तुमी जहाजावर हुता तवा राहिलेच ना मी एकली, तशीच राहीन, पन हिचे आलेले शब्द जाऊ देनार न्हाई. तिसऱ्या दिवशी म्हनले, कोचीची तिकिटं दोनच काढू का. मी म्हनलं, दोनच.

आता मी कोचीत मुलींच्या एका होस्टेलात सैपाक करते, दोन खोल्या घेतल्यात, साड्या अजूनबी वाळत न्हाईत. हे सुट्टी मिळंल तसे येतात. अनू पाचवीत हाय. इथं काष्टीला आलो ते भाच्याच्या लग्नाला. आत्याबाईंना लागतं, नातीशी बोलता येत न्हाई म्हनून, आनि मलाबी लागतं, खोटं कशाला बोलू. बोलायला शिकवनाऱ्या बाई म्हनल्यात, तिची भाषा पक्की झाली, आता हळूहळू मराठी घाला. तर परवा तिनं आत्याबाईंना, आजी जेव, म्हनलं. त्यांचं जेवन झालं हुतं, तरी परत ताट घिऊन बसल्या.

हे रोज सांजच्याला फोनवर तोंड दाखवून तिच्याशी मल्याळम बोलतात. पावसाला तिकडं जो शब्द हाय, त्यातलं एक अक्षर आपल्या तोंडात बसतच न्हाई, जीभ मागं वळवावी लागती. हे म्हनतात मळा. अनू फोनच्या काचेवर बोट आपटती, तोंड उघडून स्वतःची जीभ दाखवती, असं न्हाई, असं. आनि हे गपगुमान परत म्हनतात, परत चुकतात, ती परत म्हनून दाखवती.

तिची शाळा संपंस्तोवर हे असंच चालायचं, मला ठाऊक हाय. चालू दे. तुमची लेकरंबाळं सुखात राहू देत ताई, आता उठते मी. सोमवारी दौंडवरनं निघायचंय आमाला, शाळा उघडायच्या आत पोचायचं.